आजोबा ८४ वर्षं जगले, मग वडिलांना ५२ व्या वर्षी स्टेंट का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २७ वर्षांचे, राहायला विक्रोळीला, मूळ गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. वडील ५२ वर्षांचे, टॅक्सी चालवतात, उंची पाच फूट चार इंच, वजन ६१ किलो. मागच्या महिन्यात पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, सरकारी योजनेतून दोन स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) बसले आणि त्याच वेळी कळलं की शुगरही आहे. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी ही रक्ततपासणी) ९.६ निघाली. त्याच धावपळीत कोणीतरी आईचं बीपी बघितलं, तेही वाढलेलं. आजोबा मात्र गावी ८४ वर्षं जगले, त्यांना कधी गोळी लागली नाही. तुम्ही विचारलंय, "आम्ही काही श्रीमंत नाही, घरात कोणी लठ्ठ नाही, बाहेरचं फारसं खात नाही. मग हे बड्या लोकांचे आजार आमच्या घरात कसे शिरले? की हल्ली तपासण्या जास्त होतात म्हणून दिसतात?" आणि जाता जाता लिहिलंय की वडिलांना आता बरं वाटतंय, त्यामुळे 'एवढ्या गोळ्या कशाला' म्हणून त्यातल्या काही बंद करायचं त्यांच्या मनात आहे.

मी मुंबईत २६ वर्षं मेडिसिनची डॉक्टर आहे, त्यातली बरीचशी वर्षं पालिकेच्या ओपीडीत गेली. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती गोष्ट थांबण्यासारखी नाही. स्टेंट बसल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या देतात. एक ॲस्पिरिन, दुसरी बहुतेकदा क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. झटका येऊन स्टेंट बसला असेल तर या दोन्ही साधारण वर्षभर बरोबरीने घ्याव्या लागतात. स्वतःच्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन तो बंद पडू शकतो, आणि पहिल्या काही महिन्यांत हा धोका सगळ्यात जास्त असतो. दात काढायचा असो, पित्त वाढलेलं असो, ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवायचा नाही. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट चांगला आला तरी चालूच ठेवायची, कारण तो चांगला आलाय तो त्या गोळीमुळे. पुढचं उत्तर सवडीने वाचा, पण हे आज रात्री जेवताना वडिलांशी बोला.

आता मूळ प्रश्न. तो 'आजार का आला' असा तुम्ही विचारलाय. मला त्यामागचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ९.६ पर्यंत गेलेली शुगर सहसा काल-परवाची नसते, बहुतेक वेळा ती काही वर्षं अंगात असते. त्या काळात तुमचे वडील कधी ना कधी ताप-खोकल्याला डॉक्टरकडे गेले असतील, परवान्यासाठी तंदुरुस्तीचा दाखला काढला असेल, रक्त तपासणाऱ्या एखाद्या लॅबच्या पाटीवरून रोज गेले असतील. तरी छातीत कळ येईपर्यंत कुणाला पत्ता नाही. आजार आणि त्याचा शोध यांच्यातली ही जी वर्षं वाया जातात, आपल्यासारख्या देशांत माणसं त्यामुळे मरतात. याकडे मी येणारच आहे. पण आधी आजोबा.

आजोबांचं उदाहरण मी ओपीडीत जवळजवळ रोज ऐकते. त्यावर मी एकच विचारते, आजोबांना भावंडं किती होती आणि त्यातली जाणती किती झाली? बहुतेक घरांतून उत्तर तेच येतं: आठ झाली, चार वाचली. कोणी देवीने गेलं, कोणी पटकीने, एखादी बहीण बाळंतपणात. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीला टेकलंय. आजोबा त्या पिढीतून वाचून राहिलेले होते. त्यांच्या पिढीत ज्यांना पन्नाशीत शुगर झाली असती त्यातले कितीतरी पन्नाशी बघायला उरलेच नाहीत. आजोबांच्या कष्टाचं आणि बाजरीच्या भाकरीचं मोल यामुळे कमी होत नाही, ते तर पुढे येईलच. पण 'आधीच्या पिढीला हे आजार नव्हते' असं म्हणताना त्या पिढीतले न जगलेले लोकही मोजायला हवेत.

माणसं जास्त जगू लागली म्हणून म्हातारपणाचे आजार वाढले, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. बावन्न म्हणजे म्हातारपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा हिशोब सांगतो की हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, श्वसनाचे जुनाट विकार अशा असंसर्गजन्य आजारांनी जगात १ कोटी ८० लाख माणसं सत्तरीच्या आत गेली, आणि त्यातली ८२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. श्रीमंत देशांत हे आजार सहसा साठी-सत्तरीत गाठतात. आपल्याकडे ते कमावत्या वयात येतात, मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते चालू असताना.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मी थांबले. आजी सांगते की वडिलांचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, १९७३ च्या उन्हाळ्यातला, आणि पोटात मूल असताना ती खडी फोडायच्या कामावर जायची. दुष्काळी कामांवरची सुकडी आणि बाहेरून आलेली मिलो ज्वारी खाऊन काढलेले ते दिवस माण-खटावच्या किती रुग्णांनी मला सांगितले असतील, त्याची गणती नाही. आता यामागचं शास्त्र सांगते. इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात दाखवायला सुरुवात केली की जन्माच्या वेळी वजनाने कमी असलेल्या बाळांना मोठेपणी हृदयविकार जास्त होतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धाच्या काळात, भीषण उपासमार झाली होती. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद कमी आढळली. आणि आपल्या अगदी जवळचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकी. पण सगळंच सारख्या प्रमाणात कमी नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला रोड, आतून चरबीदार. उपाशी पोटात वाढणारा जीव मेंदू आणि चरबी सांभाळतो आणि बाकीच्या ठिकाणी काटकसर करतो. अशी काटकसर केलेलं शरीर आयुष्यभर तंगीतच राहिलं तर कदाचित निभावून नेतं. त्याला पुढे तीस वर्षं शहरातलं खाणं आणि बसकाम मिळालं की त्याचं इन्सुलिन पुरं पडत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत हेच घडलं, असं मी ठामपणे सांगू शकत नाही. कुठल्याच एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. त्यात आनुवंशिकता असते, तंबाखू असते, झोप असते. पण 'लठ्ठ नसूनही कसं' याचं उत्तर इथे आहे. याच याज्ञिकांनी २००४ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टर मित्रासोबत दोघांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, अगदी सारखा होता, २२.३. मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्यासारख्यांना वजनकाटा फसवतो. तुमच्या वडिलांचा निर्देशांक २३ च्या जरा वर येतो. पाश्चात्त्य मोजमापाने तो उत्तम. आशियाई लोकांत मात्र २३ पासूनच जपायला सांगतात. मी ओपीडीत शिंप्याची टेप ठेवते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की हातपाय कितीही काटकुळे असले तरी मी शुगर तपासायला पाठवते.

मुंबई यात काय करते, ते मी तुमच्या वडिलांच्याच दिवसावरून सांगते, कारण टॅक्सी-रिक्षा चालवणारे माझ्याकडे खूप येतात. दहा-बारा तास बसून. पाणी मुद्दाम कमी प्यायचं, कारण लघवीला थांबायला जागा नाही. सकाळी चहा आणि खारी, मग नाक्यानाक्यावर कटिंग. एका कटिंगमध्ये दीड चमचा साखर धरली तरी सहा कटिंगचे नऊ चमचे होतात, म्हणजे ३५ ग्रॅमच्या वर, आणि हा माणूस शपथेवर सांगतो की मी गोड खात नाही. तो खोटं बोलत नसतो, चहाला गोड म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. दुपारी वडापाव किंवा डब्यातल्या चार चपात्या आणि बटाटा. रात्री साडेदहाला भात, पातळ आमटी, लोणचं, पापड. झोप पाच तास, तीही पंख्याखाली दाटीवाटीने. 'बाहेरचं फारसं खात नाही' हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण घरचं ताटही बदललंय. गावी बाजरी, मटकी, हुलगा, शेंगदाणे होते. इथे रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतात, आणि पगार पुरवायचा तर डाळ पातळ होते आणि तेल स्वस्तातलं येतं. पोट भरतं, पण त्यात पीठ जास्त आणि प्रथिनं कमी. मिठाचं तसंच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, एवढी शिफारस आहे. लोणचं-पापड-फरसाण असलेल्या घरात ती मर्यादा दुपारीच ओलांडलेली असते.

तंबाखूबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. वडील मळतात का? आई मशेरी लावते का? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात चारांतला एक प्रौढ तंबाखू वापरताना आढळला, पण ओढणारे शंभरात चारच. म्हणून 'सिगारेट ओढत नाही' हे उत्तर मी पुरेसं धरत नाही. स्टेंटनंतर तंबाखू सोडणं हे दुसऱ्या कुठल्याही पथ्यापेक्षा मोठं आहे.

'बड्या लोकांचा आजार' या शब्दांत तथ्य होतं, पण ते मागच्या पिढीचं. साथी हटतात आणि त्यांची जागा जुनाट आजार घेतात, हे साथरोगतज्ज्ञ अब्देल ओमरान यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. त्या आजारांची सुरुवात पैसेवाल्यांपासून होते, मग ते खाली सरकतात. ही सरकण आपल्या राज्यात झालेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासाचे २०१७ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंदीगडच्या शहरी भागात मधुमेह खालच्या आर्थिक गटात जास्त सापडला. पैसेवाला माणूस आता जिमला जातो, पूर्ण शरीराची तपासणी करून घेतो, डब्यात सॅलड नेतो. याच अभ्यासाचा २०२३ चा आकडा सांगतो की देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

तपासण्या वाढल्या म्हणून दिसतं का? थोडं खरं आहे, पूर्वी निदान न होताच माणसं जात. पण एकाच शहरात एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजलं तरी वाढ दिसते. चेन्नईत १९८९ मध्ये प्रौढांतलं मधुमेहाचं प्रमाण ८.३ टक्के होतं, २००४ पर्यंत ते १४.३ टक्क्यांवर गेलं. नुसत्या तपासण्यांनी एवढी उडी येत नाही. उलट मला तर तपासण्या फार कमी वाटतात. मुंबई पालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने घरोघरी पाहणी केली, तेव्हा १८ ते ६९ वयाच्या लोकांत ३४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं निघालं आणि १८ टक्क्यांची उपाशीपोटीची शुगर. कुर्ल्याला लोकलच्या डब्यात चढलात तर आजूबाजूला उभ्या असलेल्या तिघांतल्या एकाला बीपी आहे असं धरून चाला.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, पोटात असल्यापासूनची तंगी, मग वेगाने आलेलं शहर, स्वस्त पीठ-साखर-तेल, बसकाम आणि तंबाखू, हे सगळं एकत्र येऊन आजार लवकर येतो. आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते.

आपले दवाखाने तापासाठी बांधलेले आहेत. माणूस येतो, दुखणं सांगतो, गोळ्या घेतो, बरा होतो, जातो. बीपी आणि शुगर दुखत नाहीत, आणि बऱ्या होऊन जातही नाहीत. ज्याला काही दुखत नाही त्याने दर महिन्याला अर्धा दिवस मोडून रांगेत उभं राहावं, अशी आपली अपेक्षा असते. पगारी नोकरदाराला ते जमतं. हातावर पोट असलेल्याला प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. मी ज्या ओपीडीत काम केलं, तिथे एके काळी पंधराच दिवसांच्या गोळ्या मिळत. भांडुपहून भाजी विकणारी एक बाई यायची, वय ४३, बीपी १८० वर ११०. तीन वेळा आली, मग दिसेना. चौथ्यांदा तिला स्ट्रेचरवरून आणलं, डावी बाजू गेलेली. तिची मुलगी म्हणाली, "आई गोळी घ्यायची, डोकं दुखलं की घ्यायची." आम्ही तिला नीट समजावलं नव्हतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं होतं, तेही सकाळी आठ वाजता, जी तिच्या मालाची वेळ. आजार रोखायच्या गोळीचा खर्च महिन्याला थोडक्या रुपयांचा होता. नंतरच्या वर्षांत तिच्या घराने काय काय विकलं ते मी पाहिलंय, आणि त्या पंधरा दिवसांच्या चिठ्ठीवर सही माझी होती हे मी विसरलेले नाही.

पुढे आम्ही महिन्याच्या गोळ्या देऊ लागलो, फक्त गोळ्या न्यायला आलेल्यांची रांग वेगळी केली आणि जो आला नाही त्याला सिस्टर फोन करू लागल्या. माणसं टिकायला लागली. यात माझी काही कल्पकता नव्हती. हेच तत्त्व घेऊन २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत तुमचा सातारा होता, सोबत सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. ठरलेल्या दोन-तीन औषधांचा सोपा क्रम, महिन्याच्या गोळ्या, घराजवळचं केंद्र, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. एवढंच, आणि एवढ्याने बीपी आटोक्यात येतं.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. १७ देशांतल्या दीड लाखाहून जास्त लोकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्रीमंत देशांतल्या लोकांत हृदयविकाराला कारण ठरणाऱ्या गोष्टी सगळ्यात जास्त होत्या, आणि गरीब देशांत सगळ्यात कमी. पण हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण नेमकं उलट, गरीब देशांत सगळ्यात जास्त. धोका कमी आणि मरण जास्त, याचं एक मोठं कारण म्हणजे उपचारात सलगता नसणं. मी तुमच्या घरासाठी सगळ्यात जास्त आग्रह धरते तो या सलगतेचाच. आपल्याकडे योजना स्टेंटचे पैसे भरते, डायलिसिसचे भरते, आणि ते हवंच. त्याशिवाय तुमचे वडील कदाचित वाचले नसते. पण त्या स्टेंटपर्यंत न पोचवणारी रोजची गोळी मिळवायला माणसाला एकट्याने धडपडावं लागतं.

काही देशांनी आधीच्या टप्प्यावर हात घातलाय. मेक्सिकोने २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि त्यांची विक्री घटली. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर-मीठ असलेल्या पाकिटांवर ठळक काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी पावातल्या मिठावर कायद्याने मर्यादा आणली. मुंबईसारख्या पावावर जगणाऱ्या शहराने हे जरूर बघावं. आणि स्वस्त उपाय चालतात याचा सगळ्यात चांगला पुरावा तर परळचाच आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांमध्ये एक प्रयोग केला. बेताचं शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं, आणि त्यांनी सिरक्यासारखं सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ना मोठं यंत्र, ना मोठं रुग्णालय.

आता तुमच्या घराचं. यातल्या बऱ्याच गोष्टी वडिलांच्या हृदयाची ताकद किती उरली आणि किडनी कशी आहे यावर अवलंबून आहेत, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचं वाक्य माझ्या वाक्याच्या वर ठेवा. शुगर हळूहळू खाली आणायची, तीन महिन्यांची सरासरी सात किंवा त्याच्या जरा खाली असा रोख, पण मध्येच ती एकदम उतरून घाम-थरथर होत असेल तर लगेच सांगायचं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रथिन आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी निदानाच्या वेळीच करून घ्या, पाच वर्षांनी नाही, कारण आजार कधी सुरू झाला ते आपल्याला माहीत नाही. रोज रात्री पायांचे तळवे बघायचे. टॅक्सीच्या पेडलवर तासन्तास राहणारा पाय आहे तो. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घ्यायची असेल तर मी भांडत नाही, फक्त गोळीच्या जागी घ्यायची नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, कारण शुगर असलेल्याला टीबी होण्याची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते, आणि आपण मुंबईत राहतो. चालणं कधी, किती, ते हृदयाच्या तपासणीनंतर ठरेल. टॅक्सी पुन्हा कधी चालवायची हेही त्यांनाच विचारा, घरी ठरवू नका. ताटात भात अर्धा, डाळ घट्ट, एक मूठ शेंगदाणे किंवा एखादं अंडं, आणि चहा दोनच, तोही बिनसाखरेचा. पहिले दहा दिवस तो कडू लागतो, मग जीभ बदलते.

आईच्या बाबतीत घाबरून जाऊ नका. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये, नवरा आत असताना मोजलेलं बीपी खरं असेलच असं नाही. पाच मिनिटं शांत बसवून, वेगवेगळ्या तीन दिवशी घ्या. १४० वर ९० किंवा त्यापेक्षा जास्त राहिलं तर गोळी लागेल, आणि ती डोकं दुखलं की घ्यायची गोळी नाही. जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा पालिकेच्याच 'आपला दवाखाना' केंद्रात तिचा केसपेपर काढा. तिथे बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना शोधा, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही.

आणि तुम्ही स्वतः. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झालाय, त्यांना शुगर आहे, म्हणजे तुमचं नाव यादीत आलं. सत्तावीस म्हणजे लवकर नाही. उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, बीपी आणि कंबर, एवढं या महिन्यात करा आणि मग वर्षातून एकदा. उपाशीपोटीचा आकडा १०० ते १२५ च्या मध्ये आला तर तो 'बॉर्डरवर आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्याच टप्प्यावर चालणं आणि खाणं सुधारल्याने मधुमेह टळतो किंवा लांबतो, हे चेन्नईच्या दुसऱ्या एका अभ्यासात आपल्याच लोकांवर सिद्ध झालंय. बहीण असेल तर तिला सांगा की गरोदरपणात शुगरची तपासणी पहिल्या भेटीतच करून घ्यायची आणि पोटभर, नीट खायचं.

आईचे तीन दिवसांचे आकडे आणि वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची नावं इथेच लिहा. त्यात ॲसिडिटीची म्हणून दिलेली गोळी कोणती आहे, तेही बघून सांगा, क्लोपिडोग्रेलसोबत त्यातल्या काही टाळाव्या लागतात.